लॅपटॉप घ्या, पण बैल पारखावा तसा पारखून घ्या



बैलजोडी घ्यायला बाजारात गेलात तर तुम्ही काय पाहता? शिंगांना लावलेला रंग आणि गळ्यातला गोंडा पाहून कोणी पैसे मोजत नाही. दात पाहता, खूर पाहता, चार पावले चालवून पाहता. तोच शहाणा माणूस गावच्या शेतकरी कंपनीसाठी, दूध संस्थेसाठी किंवा बचत गटासाठी लॅपटॉप घ्यायला शहरात जातो, तेव्हा मात्र दुकानातल्या झगमगाटाने दिपतो. दुकानदार म्हणतो, "हा पातळ आहे, चकचकीत आहे, बॅगही फुकट आहे." व्यवहार पाच मिनिटांत होतो आणि पस्तावा पुढची तीन वर्षे पुरतो.

आज लॅपटॉप ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. सभासदांचे हिशेब, मालाची आवक-जावक, कर्जाचे प्रस्ताव, कंपनी कायद्याची वार्षिक कागदपत्रे, सारे त्याच्यावरच चालते. खत-बियाण्यांची विक्री करणाऱ्या आणि दरमहा विवरण भरणाऱ्या संस्थेला जी. एस. टी.चे ३-बी विवरण २० तारखेपर्यंत भरावे लागते. उशीर झाला तर दिवसागणिक विलंब शुल्क चढते. त्या दिवशी यंत्र बंद पडले तर तारीख आपल्यासाठी थांबत नाही.

एका शेतकरी कंपनीत घडलेली गोष्ट सांगतो. सभासदांनी हजार-हजार रुपये भाग भांडवल घातलेले. संचालकांनी स्वस्त म्हणून घरगुती वापराचा, दिसायला देखणा लॅपटॉप घेतला. रोज पंधरा-वीस वेळा झाकण उघडायचे, मिटायचे. चौदाव्या महिन्यात बिजागरी प्लास्टिकमधून उपटून निघाली, पडद्याची तार तुटली आणि नंतर दुरुस्तीच्या धांदलीत आतली डिस्कही गेली. दुसरीकडे नक्कल ठेवलेली नव्हती. ऐन हळदीच्या हंगामात दोन मुले बारा दिवस बसून कागदी पावत्यांवरून हिशेब पुन्हा चढवत होती. तेवढे दिवस शेतकऱ्यांचे पैसे अडकले. संस्थेवरचा विश्वास उडायला असे बारा दिवस पुरतात. म्हणून हा लेख.

बिझनेस लॅपटॉप म्हणजे काय?

लॅपटॉप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या साधारण दोन जातींचे लॅपटॉप काढतात. एक जात घरगुती ग्राहकांसाठी. त्यात रंग, पातळपणा, आवाज आणि किंमत यांवर भर असतो. दुसरी जात कचेऱ्यांसाठी. बँका, विमा कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्या एकाच वेळी शेकड्यांनी यंत्रे घेतात, ती तीन-चार वर्षे रोज आठ-दहा तास वापरतात आणि बिघाड झाला तर बनवणाऱ्याला जाब विचारतात. असे गिऱ्हाईक सांभाळायचे म्हणून ही दुसरी जात टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपी ठेवावी लागते. यालाच बिझनेस लॅपटॉप म्हणतात.

यातली जुनी घराणी लक्षात ठेवा. थिंकपॅड हे नाव आय. बी. एम.ने १९९२ साली बाजारात आणले. त्या कंपनीत नोकरांना 'थिंक', म्हणजे 'विचार करा', असे छापलेल्या छोट्या वह्या मिळत, त्यावरून हे नाव आले. २००५ साली आय. बी. एम.चा हा धंदा लेनोव्होने घेतला. डेलचे लॅटिट्यूड १९९४ पासूनचे. २०२५ पासून डेलने ते नाव बदलून नव्या यंत्रांना 'डेल प्रो' म्हणायला सुरुवात केली. एचपीचे एलिटबुक २००८ पासून आहे आणि त्याखालची पायरी प्रोबुकची. एसरचे ट्रॅव्हलमेट आणि आसूसचे एक्स्पर्टबुक हेही याच वर्गातले.

मात्र घराणे एक असले तरी भाऊ सारखे नसतात. थिंकपॅडमध्ये ई मालिका स्वस्त, एल मधली, टी आणि एक्स वरची. लॅटिट्यूडमध्ये ३००० हा आकडा खालचा, ५००० मधला, ७००० वरचा. नुसते नाव ऐकून भुलू नका, मालिका विचारा. गावातल्या कामाला मधली पायरी बहुधा पुरते. सर्वांत वरच्या यंत्रांत जास्तीचे पैसे पुष्कळदा पातळपणासाठी आणि कमी वजनासाठी जातात. त्याचा आपल्याला उपयोग थोडा.

फरक कोठे आहे?

पहिला फरक सांगाड्यात. घरगुती स्वस्त यंत्रांत बिजागरीचे स्क्रू पुष्कळदा प्लास्टिकमध्येच बसवलेले असतात. बिजागरी घट्ट झाली की झाकण उघडताना प्लास्टिक तडकते. चांगल्या बिझनेस यंत्रात मॅग्नेशियम मिश्रधातू, ॲल्युमिनियम किंवा काचतंतू मिसळलेले कणखर प्लास्टिक वापरतात आणि बिजागरी धातूच्या पट्टीला जोडतात. दाराची बिजागरी सागाच्या चौकटीत ठोकणे आणि पुठ्ठ्यात ठोकणे यात जो फरक, तोच येथे.

दुसरा फरक कीबोर्डचा. बऱ्याच बिझनेस यंत्रांच्या कीबोर्डवर थोडे पाणी सांडले तर ते लगेच आत उतरू नये, अशी व्यवस्था असते. काहींत ते खाली वाहून जायला मोऱ्याही ठेवलेल्या असतात. पण याचा अर्थ यंत्र धुवून काढायचे असा नाही. आपल्याकडे तर पाण्यापेक्षा चहाच जास्त सांडतो आणि साखरेचा चहा वाळला की कळा चिकटतात. काही सांडलेच तर ताबडतोब वायर काढा, यंत्र बंद करा, बॅटरी सुटी होत असेल तर काढा, यंत्र पालथे धरा आणि मेकॅनिककडे न्या. उन्हात ठेवणे, तांदळाच्या डब्यात पुरणे असले उपाय करू नका.

तिसरा फरक दुरुस्तीचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत मोठा. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांची दुरुस्तीची सविस्तर पुस्तिका त्या-त्या कंपन्या सर्वांसाठी खुली ठेवतात. खालचे झाकण स्क्रू सैल करून निघते. बॅटरी, रॅम, डिस्क, पंखा, कीबोर्ड हे भाग बदलता येतात. शिवाय एकाच नमुन्याची पुष्कळ यंत्रे कचेऱ्यांतून बाहेर पडत असल्याने सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत मिळू शकतात. ट्रॅक्टर घेताना आपण आधी विचारतो, "स्पेअर पार्ट कोठे मिळतो?" लॅपटॉप घेतानाही तोच प्रश्न विचारा. आणखी एक विचारा, "रॅम खाचेत बसवलेली आहे की डागलेली?" डागलेली रॅम पुढे वाढवता येत नाही. हल्ली काही महागड्या बिझनेस यंत्रांतही रॅम डागलेली असते, हे ध्यानात ठेवा.

चौथा फरक हमीचा. घरगुती यंत्र बिघडले तर पुष्कळदा ते घेऊन सेवा केंद्रात जावे लागते. बिझनेस यंत्रावर तीन वर्षांपर्यंत, काही वेळा त्याहून अधिक काळ, जागेवर येऊन दुरुस्तीची हमी विकत मिळते. पण आपला पिनकोड त्या सेवेत बसतो का, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. पुण्यात मिळणारी सेवा पांढरकवड्याला तशीच मिळेल, असे गृहीत धरू नका.

पाचवा फरक जोडण्यांचा. आपल्या कामाला नुसते वायफाय पुरत नाही. डिजिटल सहीची किल्ली यू. एस. बी.ला लावावी लागते. प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र हेही तेथेच. दूध संकलनाचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि फॅट मोजण्याचे यंत्र अनेक ठिकाणी जुन्या सिरीयल जोडणीचे असते, त्याला कन्व्हर्टर लागतो. इंटरनेटची तार थेट लावण्याची खिडकी असलेले यंत्र गावात बरे. फार पातळ यंत्रांत ही खिडकी नसते.

दोषही सांगितले पाहिजेत. बिझनेस यंत्र नवे घ्यायचे तर महाग पडते. आवाज बहुधा बेताचा असतो. खेळांसाठी आणि चित्रपटांसाठी ते केलेले नसते. जुन्या नमुन्यांचे पडदे फिके असतात. तरी पडदा बहुधा न चकाकणारा असतो, त्यामुळे ओसरीवर किंवा खिडकीपाशी बसून काम करताना त्यात आपलेच तोंड दिसत नाही.

'लष्करी दर्जा' म्हणजे काय, काय नव्हे

जाहिरातीत 'मिल एस. टी. डी. ८१०' असे लिहिलेले दिसेल. दुकानदार सांगेल, "हा लष्करी दर्जाचा आहे, आपटला तरी फुटणार नाही." नीट समजून घ्या. ८१० ही अमेरिकी संरक्षण खात्याची चाचणी-पद्धतींची पोथी आहे. तिची पहिली आवृत्ती १९६२ सालची आणि 'एच' ही आवृत्ती २०१९ सालची. उष्णता, थंडी, दमट हवा, धूळ, कंप, धक्का अशा अनेक चाचण्या कशा घ्याव्यात, हे तीत दिले आहे. त्यांतल्या कोणत्या आणि किती घ्यायच्या, हे लॅपटॉप बनवणारा स्वतः ठरवतो आणि स्वतः किंवा प्रयोगशाळेकडून त्या करवून घेतो. सरकार कोणाला शिक्का मारून देत नाही. म्हणजे हा आय. एस. आय.सारखा मार्क नव्हे. यंत्र कोणत्या चाचण्यांतून गेले, हे विचारावे. उत्तर मिळाले तर चांगले, न मिळाले तर त्या शब्दाला फार किंमत देऊ नये.

पाणी-धुळीपासून बचावाचे माप वेगळे आहे. तुमच्या मोटारीच्या पाटीवर आय. पी. आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. साध्या बिझनेस लॅपटॉपला असे आकडे बहुधा नसतात. ते हवे असतील तर पॅनासोनिकच्या टफबुकसारखी खास कणखर यंत्रे आहेत. टफबुक १९९६ पासून बाजारात आहे. पण ती जड आणि फार महाग. आपल्या कचेरीला त्यांची गरज नाही.

नवा की वापरलेला?

मोठ्या कंपन्या आपली यंत्रे साधारण तीन-चार वर्षांनी बदलतात. ती यंत्रे साफसूफ होऊन, तपासून पुन्हा बाजारात येतात. यांना 'रिफर्बिश्ड' म्हणतात. चांगल्या घराण्याचे वापरलेले यंत्र नव्या स्वस्त यंत्राइतक्या किंवा त्याहून कमी पैशात मिळू शकते आणि सांगाड्याने पुष्कळदा त्याहून सरस असते.

पण येथे एक अट पक्की पाळा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बँकेचे आणि कराचे काम करायचे तर विंडोज ११ नीट चालणारे यंत्रच घ्या. त्यासाठी सर्वसाधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टी. पी. एम. २.० ही सुरक्षा चिप लागते. पिढी ओळखणे सोपे आहे. आय-५ नंतरचा आकडा पाहा. ८३५० असेल तर आठवी पिढी, ११३५ असेल तर अकरावी. ६३०० किंवा ७२०० दिसला तर स्वस्त मिळाला तरी परत फिरा. दुकानदार त्यावर विंडोज ११ जबरीने बसवून दाखवतात, पण मायक्रोसॉफ्ट त्या जोडीला आधार देत नाही.

आठव्या पिढीतले २०१८ सालचे तीन नमुने बाजारात बरेच फिरतात: थिंकपॅड टी-४८०, लॅटिट्यूड ५४९० आणि एलिटबुक ८४० जी-५. तिघांतही रॅमच्या दोन खाचा आहेत आणि तिघांनाही इंटरनेटच्या तारेची खिडकी आहे. टी-४८०चे वैशिष्ट्य असे, की त्याला आत एक बॅटरी आणि मागे दुसरी सुटी बॅटरी असते. यंत्र चालू असताना मागची काढून भरलेली लावता येते. भारनियमनाच्या गावात हे मोठे सोयीचे. पण त्याच्या सर्वांत स्वस्त प्रकारांचा पडदा फिका आहे, तो पाहूनच घ्या. ही यंत्रे आता वयाने मोठी झाली आहेत. खिशाला परवडत असेल तर दहाव्या, अकराव्या पिढीचे घ्यावे, तेवढे आयुष्य जास्त. रॅम ८ जी. बी. किमान, १६ असेल तर उत्तम. डिस्क एस. एस. डी.च हवी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते, ती मोटारसायकलच्या धक्क्यांनी दगावते. एस. एस. डी.त फिरणारे काही नसते.

पैसे देण्याआधी पारख

१. झाकण हळू उघडा. बिजागरीपाशी करकर आवाज येतो का, तडा आहे का, ते पाहा. झाकण अर्ध्यावर स्थिर राहिले पाहिजे.

२. म्हशीची वेते मोजतो तशी बॅटरीची चार्जिंगची आवर्तने मोजून घ्या. दुकानदाराला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात नवी असतानाची आणि आजची क्षमता दिसते. निम्म्याच्या आसपास आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून मागा.

३. यंत्र टेबलावर ठेवा. टचपॅड वर उचलले गेले असेल किंवा यंत्र डुगडुगत असेल तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. असे यंत्र घेऊ नका.

४. सुरू होताना बायोसचा पासवर्ड मागतो का? जुन्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागतो का? मागत असेल तर ते यंत्र सोडा. असे कुलूप पुढे सहजी निघत नाही.

५. यंत्राखालचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमी आणि मूळ नमुना तपासा. डेलला या क्रमांकाला सर्व्हिस टॅग म्हणतात, तो सात अक्षर-अंकांचा असतो.

६. प्रत्येक कळ दाबून पाहा. प्रत्येक यू. एस. बी. खाचेत पेनड्राइव्ह लावून पाहा. अर्धा तास यंत्र चालू ठेवा, पंख्याचा घरघराट ऐका.

७. पक्के बिल घ्या, त्यावर अनुक्रमांक लिहून घ्या. नव्या लॅपटॉपवर १८ टक्के जी. एस. टी. आहे. नोंदणी असलेल्या संस्थेने बिलावर आपला क्रमांक घालून घेतला, तर नियमांनुसार त्याचा परतावा हिशेबात धरता येतो. बिनबिलाचा माल स्वस्त दिसतो, पण चोरीचा निघाला तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

हिशेब वर्षाचा करा

खरेदीची किंमत ही अर्धीच गोष्ट. खरा हिशेब वर्षाचा. समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा, घरगुती यंत्र ३६,००० रुपयांना घेतले आणि रोजच्या कचेरीच्या कामात ३ वर्षे टिकले, तर वर्षाला १२,००० रुपये पडले. नवे बिझनेस यंत्र ७२,००० ला घेतले आणि ८ वर्षे चालवले तर वर्षाला ९,०००. वापरलेले बिझनेस यंत्र २४,००० ला घेतले, बॅटरी-रॅमला ५,००० घातले आणि ४ वर्षे चालले तर वर्षाला ७,२५०. तुमच्या बाजारातले आकडे वेगळे असतील, ते घालून हाच हिशेब संचालकांच्या सभेत मांडा.

म्हणून सल्ला असा. संस्थेकडे भांडवल असेल आणि यंत्र रोज चालणार असेल तर मधल्या मालिकेचे नवे बिझनेस यंत्र जागेवरच्या हमीसह घ्या. नवी संस्था, छोटा गट किंवा कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर लेखी हमीचे, नीट पारखलेले वापरलेले यंत्र चांगले. वर्षातून दोनदा सातबारा काढायचा आणि एखाद्या योजनेचा अर्ज भरायचा एवढेच काम असेल, तर लॅपटॉप घेऊच नका. सेवा केंद्र आहे, हातात मोबाईल आहे. तो पैसा ठिबकला लावा.

निगा राखाल तर टिकेल

कापसाचे तंतू, कांद्याची साल, हळदीची भुकटी, कडब्याचा भुसा, हे सारे पंख्यातून आत जाऊन जाळी बुजवतात. यंत्र तापते, मंदावते. वर्षातून एकदा, आणि धुळीच्या ठिकाणी दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात असे दोनदा, माहितगाराकडून पंखा साफ करून घ्या. यंत्र गादीवर किंवा गोधडीवर ठेवून चालवू नका, खालची झरोकी बंद होतात. कोकणात पावसाळ्यात ते पेटीत कोंडून ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेले बरे.

विजेबाबत सावध राहा. चांगले चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, पण अचानक येणारा झटका त्यांना मारतो. चांगला सर्ज प्रोटेक्टर वापरा आणि वीज कडाडू लागली की प्लग काढा. धातूच्या यंत्राला हात लावताच मुंग्या येत असतील तर कचेरीचे अर्थिंग वायरमनकडून तपासा. तीन पिनांचा प्लग मोडून दोन पिनांचा करू नका. चार्जर मूळ कंपनीचाच घ्या. त्यावर बी. आय. एस.चा नोंदणी क्रमांक असतो, तो पाहा. रात्री वायर उंदरांच्या वाटेवर पडू देऊ नका.

दिवसभर प्लग लावूनच काम चालत असेल तर बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरेल अशी सोय करा. बहुतेक बिझनेस यंत्रांत ही सोय सेटिंगमध्ये किंवा बायोसमध्ये असते. त्याने बॅटरीचे आयुष्य वाढते.

आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे. यंत्र कितीही दणकट असो, ते चोरीला जाऊ शकते, जळू शकते. यंत्र पुन्हा विकत मिळते, सभासदांचा हिशेब मिळत नाही. आपण बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हिशेबाचे करा. दर शनिवारी नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क कचेरीत न ठेवता दुसऱ्या घरी कुलपात ठेवा. हे काम कोणाचे, ते नाव घालून ठरावात लिहा. सर्वांचे काम म्हटले की ते कोणाचेच नसते.

पुढच्या मासिक सभेत हे पान वाचून दाखवा, दोन-तीन दुकानांची लेखी दरपत्रके मागवा आणि संस्थेतल्या एखाद्या तरुण मुला-मुलीला सोबत नेऊन यंत्र हाताळून पाहा. सभासदांचा पैसा आहे. तो घाम गाळून आलेला आहे. त्याला साजेशी पारख करूनच तो खर्च करा.